शाळेची निवड आणि महानगरातील पालक



‘मुलाला कोणत्या शाळेत घातले?’ हा प्रश्न मुंबईत पूर्वीही विचारला जाई. पण त्याचे उत्तर बहुधा घराच्या पत्त्यातच दडलेले असे. गिरणगावातल्या चाळीतील मूल कोपऱ्यावरच्या पालिकेच्या शाळेत जाई, तेथून पुढे जमले तर एखाद्या अनुदानित विद्यालयात जाई. दादर, गिरगाव, पार्ले येथील मध्यमवर्गीय घरातील मूल संस्थेच्या मराठी शाळेत जाई. वर्गभेद तेव्हाही होता. तो नव्हता असे म्हणणे ही इतिहासाशी प्रतारणा होईल. परंतु शाळा ही दुकाने हिंडून, भाव विचारून, चार ठिकाणी तुलना करून घेण्याची वस्तू आहे, ही कल्पना सामान्य पालकाच्या मनात रुजलेली नव्हती. आज ती इतकी रुजली आहे की जो पालक निवड करीत नाही, मुलाला सरळ शेजारच्या पालिका शाळेत नेऊन बसवतो, त्याच्याकडे शेजारीपाजारी दयेने पाहतात. पालिका शाळा ही ज्यांना निवड परवडत नाही त्यांची जागा ठरली आहे. सार्वजनिक संस्थेच्या वाट्याला यासारखी दुसरी मानहानी नाही.

या बदललेल्या लोकमताचा विचार करताना एक मोह टाळला पाहिजे. पुरोगामी वर्तुळांत इंग्रजी माध्यमामागे धावणाऱ्या पालकाला हसण्याची एक रीत पडून गेली आहे. धुणीभांडी करणारी बाई आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा ‘ज्युनियर केजी’च्या फीमध्ये घालते, इमारतीचा रखवालदार गावाकडची जमीन गहाण टाकून मुलाच्या शाळेची देणगी भरतो, हे पाहून ‘लोकांना वेड लागले आहे’ असे म्हणणे सोपे असते. परंतु हे वेड नव्हे. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत या शहराच्या अर्थव्यवस्थेचा कणाच बदलला. साच्यावर काम करणाऱ्याला कोणी इंग्रजी विचारीत नव्हते. त्याच्या मजुरीचा भाव त्याच्या हातांच्या कसबावर आणि त्याच्या संघटनेच्या ताकदीवर ठरत होता. गिरण्यांच्या जागी मॉल, बँका, विमा कंपन्या आणि कॉलसेंटरे उभी राहिली, तेव्हा त्याच कामगाराच्या नातवाला दारातच विचारले गेले, ‘इंग्रजी बोलता येते का?’ दुकानातील विक्रेता, रुग्णालयातील स्वागतिका, घरोघरी वस्तू पोचवणाऱ्या मुलांवरचा पर्यवेक्षक अशा साध्या नोकऱ्यांतही इंग्रजीच्या चार वाक्यांना पगारात किंमत मिळू लागली. पालकाने हा बाजार अचूक वाचला आहे. शिक्षणतज्ज्ञ मातृभाषेच्या श्रेष्ठतेचे सिद्धान्त सांगत राहिले, आणि ते सिद्धान्त खरेही आहेत. पण पालक वाचीत होता ती नोकरीची जाहिरात.

मात्र एकेकट्याचे शहाणपण मिळून सर्वांचे शहाणपण होतेच असे नाही. चर्चगेटहून सुटणाऱ्या लोकलचे उदाहरण घ्यावे. मरीन लाइन्सला किंवा चर्नी रोडला चढणाऱ्यांना बसायला जागा मिळेना, म्हणून ते उलट्या दिशेने चर्चगेटला जाऊन तेथून बसून येऊ लागले. एकाने केले तेव्हा त्याला जागा मिळाली. मग ग्रँट रोडचे लोक तेच करू लागले, मग त्यापुढचे. आणि खुद्द चर्चगेटला उभा असलेला माणूस, गाडी फलाटावर येते तेव्हा ती आधीच भरलेली पाहतो. प्रत्येकाचा वेळ खर्च झाला, गाडीतील बाकांची संख्या तेवढीच राहिली. इंग्रजी माध्यमाचे थोडेबहुत असेच झाले आहे. सगळेच जेव्हा इंग्रजी शाळेत जातात तेव्हा ‘इंग्रजी शाळा’ या शब्दाची किंमत उतरते, आणि मग निवड सुरू होते ती इंग्रजी शाळांमध्येच: राज्य मंडळाची की केंद्रीय मंडळाची, की त्याहूनही वरची, आंतरराष्ट्रीय म्हणवणारी. रखवालदाराचा मुलगा शिडीच्या एका पायरीवर पाय ठेवतो तोवर वरच्यांनी शिडी आणखी उंच केलेली असते.

पालकांना शाळा का बदलली असे विचारले तर ते सहसा भाषेचे नाव आधी घेत नाहीत. ते म्हणतात, ‘तिथे शिस्त आहे’, ‘वातावरण चांगले आहे’, ‘संगत चांगली मिळते’. यांतील ‘संगत’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण तो फार निरागस नाही. चांगली संगत म्हणजे कोणाची संगत? शिवी न देणाऱ्या मुलांची, असे पालक सांगेल. पण ती मुले कोणत्या वस्तीतून येत नाहीत, हे त्याला ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. चाळीतला झोपडपट्टीतल्या मुलापासून, सोसायटीतला चाळीतल्या मुलापासून आणि टॉवरमधला सोसायटीतल्या मुलापासून आपले मूल दूर नेतो. जातीचे नाव न घेता जात पाळण्याची सोय या एका शब्दाने केलेली आहे. फी हे निमित्त असते. फीच्या भिंतीआड कोण राहते, यावर शाळेची प्रतिष्ठा ठरते.

आणि शिस्तीचे म्हणाल तर, गल्लीबोळांतून उभ्या राहिलेल्या कमी फीच्या इंग्रजी शाळांत शिक्षिकेला पगार तुटपुंजा, तिचे स्वतःचे इंग्रजी कच्चे, आणि मुले उत्तरे घोकून एका सुरात म्हणतात. याला शिस्त म्हणायचे असेल तर म्हणावे. शाळा बदलल्याने शिकणे किती बदलते, याचा एक काटेकोर प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांनी १८० खेड्यांत सोडत काढून काही मुलांना खाजगी शाळेत जाण्याचा खर्च दिला, आणि चार वर्षांनी त्यांची तुलना सोडतीत नाव न लागलेल्या मुलांशी केली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, तेलुगू आणि गणित या विषयांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही; हिंदीत खाजगी शाळेतील मुले पुढे होती. मात्र खाजगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळांच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होता. खाजगीकरणाचे कैवारी या शेवटच्या वाक्यावर फार खूश होतात. हा खर्च कमी कशाने झाला ते ते सांगत नाहीत: बहुतांशी शिक्षकांच्या पगाराने. स्वस्त शाळा म्हणजे स्वस्तात राबणारी शिक्षिका, हा या अर्थशास्त्राचा गाभा आहे.

येथे एका जुन्या गोष्टीचे स्मरण अप्रस्तुत ठरणार नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात शेतकऱ्यांच्या श्रमातून आलेला पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा होते, ही तक्रार होती. आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी होती. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्ती आणली, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. मुंबईत १९२० च्या कायद्यानंतर १९२५ साली एफ आणि जी या विभागांत, म्हणजे मुख्यतः कामगारवस्तीत, सक्ती सुरू झाली. या सगळ्या धडपडीत गृहीत असे धरलेले होते की पालक नाखूश आहे आणि शासनाने त्याला ओढून आणायचे आहे. आज पालक शाळेच्या दारी रांग लावून उभा आहे आणि शासन मागच्या दाराने निघून चालले आहे. शंभर वर्षांत उलटापालट झाली ती ही.

हे मागचे दार कसे उघडत गेले, त्याचा इतिहास थोडक्यात असा. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळा पद्धतीची, म्हणजे परिसरातील सर्व थरांच्या मुलांनी एकाच शेजारशाळेत शिकण्याची शिफारस केली; १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ती तत्त्वतः मान्यही केली. ‘तत्त्वतः’ हा शब्द आपल्याकडे श्राद्धाच्या पिंडासारखा वापरला जातो. महाराष्ट्रात पुढे ‘कायम विनाअनुदानित’ नावाची एक चमत्कारिक जात शाळांच्या वर्णव्यवस्थेत निर्माण झाली. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला. पण २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा राजमार्ग खुला झाला. नवी मराठी शाळा काढू पाहणारा अनुदानासाठी वर्षानुवर्षे खेटे घालतो, आणि इंग्रजी शाळा काढणाऱ्याला अनुदानच नको असल्यामुळे त्याची वाट मोकळी. मग पालकाने निवड केली असे म्हणायचे, की त्याच्यापुढे जे ताट ठेवले ते त्याने उचलले असे म्हणायचे?

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका छोट्या पुस्तकात हा प्रश्न अधिक खोलवर तपासला होता. एखादी संस्था घसरू लागली की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे, किंवा आवाज उठवणे. बाजाराचा भक्त म्हणतो की लोक निघून गेले की संस्था आपोआप सुधारेल. हिर्शमनने दाखवले की सार्वजनिक शाळेच्या बाबतीत नेमके उलटे घडू शकते, कारण दर्जाची ज्यांना सर्वांत अधिक चाड असते तेच पालक आधी बाहेर पडतात, आणि मागे राहणाऱ्यांचा आवाज क्षीण होतो. मुंबईच्या पालिका शाळेची ही तंतोतंत कहाणी आहे. आधी नगरसेवकाचे मूल गेले, मग पालिकेच्या कारकुनाचे गेले, मग खुद्द त्या शाळेतील शिक्षकाचे गेले. छत गळते म्हणून विभाग कार्यालयात जाऊन टेबलावर हात आपटणारा माणूस त्या शाळेच्या पालकांत उरला नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये, सरकारी तिजोरीतून वेतन घेणाऱ्यांनी व लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत, अशा आशयाचा आदेश दिला, तो याच तर्काने. त्या आदेशाची अंमलबजावणी झाली नाही, हे सांगायला नकोच.

मिल्टन फ्रीडमनने १९५५ सालीच सुचवले होते की सरकारने शाळा चालवू नयेत, पालकाच्या हाती पैशाचे कुपन द्यावे आणि त्याने हवी ती शाळा घ्यावी. चिलीत लष्करी राजवटीत १९८१ पासून हे करून पाहण्यात आले. सार्वजनिक शाळांतील मुलांचा वाटा झपाट्याने उतरला. सरासरी दर्जा त्या प्रमाणात वाढल्याचे मात्र अभ्यासकांना आढळले नाही. वाढली ती प्रतवारी: बऱ्या घरची मुले एका शाळेत, गरिबांची दुसरीत. कारण मोकळ्या बाजारात पालक शाळा निवडतो त्याहून अधिक प्रमाणात शाळा पालकाला निवडते. २००६ आणि २०११ मध्ये तेथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि २०१५ साली कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुले निवडण्यास, वर फी घेण्यास आणि नफा काढण्यास बंदी करावी लागली.

आपल्याकडे निवडीच्या प्रश्नाला २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने एक निराळे वळण दिले. खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गातील चौथा हिस्सा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना मोफत द्यावा, ही ती तरतूद. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये ती वैध ठरवली; विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना मात्र वगळले. या तरतुदीविषयी समाजवाद्यांचे मत दुभंगलेले राहिले आहे, आणि ते योग्यच आहे. एका बाजूने, सार्वजनिक पैसा खाजगी शाळेकडे वळवून सरकार स्वतःच आपल्या शाळेच्या कमीपणाचे प्रमाणपत्र देते. दुसऱ्या बाजूने, फीच्या भिंतीला पडलेले हे एकमेव कायदेशीर भगदाड आहे. मोलकरणीची मुलगी आणि तिच्या मालकिणीची मुलगी एका बाकावर बसण्याची शक्यता या शहरात दुसऱ्या कोणत्याही कायद्याने निर्माण केलेली नाही.

त्या शक्यतेचे लोकांनी काय केले? वरच्या वर्गातील पुष्कळ पालकांनी नाके मुरडली. ‘त्या मुलांनाच न्यूनगंड येईल’ ही त्यांची काळजी फार हृदयस्पर्शी होती. आपल्या मुलांना अहंगंड आला आहे काय, याची चौकशी त्यांनी केली नाही. शाळांनी थकलेल्या प्रतिपूर्तीच्या रकमेकडे बोट दाखवले, आणि त्यांच्या या तक्रारीत तथ्य होते. सरकारने पैसे वेळेवर दिले नाहीत. आणि गरीब पालकांनी काय केले? त्यांनी अर्ज भरले. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, भाड्याने राहणाऱ्यास नोंदणीकृत करारनामा. ज्या वस्तीत घरमालक भाड्याची पावतीसुद्धा देत नाही, तेथे नोंदणीकृत करारनामा आणायचा कोठून? तरीही २०२३ मध्ये राज्यात सुमारे एक लाख जागांसाठी साडेतीन लाखांहून अधिक अर्ज आले.

पुढच्याच वर्षी, ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिला या बंधनातून सूट. मुंबईसारख्या दाट वस्तीच्या शहरात एक किलोमीटरमध्ये पालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही असे ठिकाण शोधावेच लागेल. म्हणजे व्यवहारात कायद्याचे ते कलमच पुसले गेले. सरकारी आणि अनुदानित शाळा या योजनेत मोजल्यामुळे कागदावरील जागा एक लाखावरून आठ लाखांपलीकडे गेल्या. अर्ज मात्र लाखाचाही पल्ला गाठू शकले नाहीत. लोकमत अजमावण्यासाठी याहून स्वच्छ चाचणी कोणत्या संशोधकाला रचता आली नसती. जी शाळा अर्ज न करताच मिळते, तिच्यासाठी अर्ज कोण करील? मुंबई उच्च न्यायालयाने त्या नियमाला मे २०२४ मध्ये स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्दच केला. गरीब पालकाची जिद्द न्यायालयात टिकली, ही समाधानाची गोष्ट. त्या जिद्दीत आपल्या शाळांबद्दल जो निकाल दडलेला होता, तो मात्र कोणत्याही न्यायालयाला रद्द करता येणार नाही.

असे असले तरी, पालक पालिकेवरच रुसले आहेत हा समज बरोबर नाही. २०२० पासून मुंबई महापालिकेने जोगेश्वरीच्या पूनमनगरात आणि माहीमच्या वुलन मिल येथे केंद्रीय मंडळांच्या शाळा सुरू केल्या, पुढे त्यांची संख्या वाढवली, आणि ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव धारण केले. या शाळांसाठी जागांहून अधिक अर्ज आले, सोडती काढाव्या लागल्या. मालक तोच, तिजोरी तीच. फाटकावरची पाटी बदलली, मंडळ बदलले, माध्यम इंग्रजी झाले, आणि रांगा लागल्या. म्हणजे पालिकेची शाळा लोकांना नको आहे हे खरे नव्हे. पालिका स्वतः जिला दुय्यम समजते ती शाळा त्यांना नको आहे. गरिबाला अवहेलना ओळखता येते.

परंतु यातही एक पेच आहे. पालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शिक्षण देते, ही या शहराची खरी श्रीमंती. त्यांपैकी मराठी माध्यमाच्या शाळा डझनांनी बंद पडत किंवा विलीन होत असताना नव्या पाटीच्या शाळांकडे लक्ष आणि कौतुक वळते. सार्वजनिक व्यवस्थेच्या पोटातच एक सोडतीची आणि एक उरलेल्यांची, अशा दोन पंगती बसू लागल्या आहेत. खाजगी क्षेत्राने जे केले तेच पालिका आपल्या हाताने करील, तर तिने खाजगी क्षेत्राला नावे ठेवू नयेत.

मराठीच्या अभिमानाचेही येथे बोलले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला तेव्हा महाराष्ट्रात जो क्षोभ उसळला तो रास्त होता, आणि २९ जूनला सरकारला ते निर्णय मागे घ्यावे लागले हेही उत्तमच झाले. पण त्या दिवसांत भाषणे देणाऱ्यांपैकी, अग्रलेख लिहिणाऱ्यांपैकी आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत, हा प्रश्न अवघड जागचे दुखणे आहे. यात सर्व पक्ष आले. समतेची भाषा बोलणारेही आले. मध्यमवर्गाने मराठी शाळा सोडली ती गरिबांनी सोडण्याच्या कितीतरी आधी. आज ती वाचवण्याचे कर्तव्य मात्र त्याने घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीवर सोपवले आहे. भाषा टिकवण्याची किंमत ज्याच्याकडे सर्वांत कमी आहे त्याच्याकडून वसूल करणे, याला सांस्कृतिक अप्रत्यक्ष कर म्हणावे लागेल. आणि अप्रत्यक्ष कराचा बोजा गरिबावर अधिक पडतो, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकातही असते.

मराठी शाळेत इंग्रजी हा विषय उत्तम शिकवला गेला असता, तर माध्यमाची ही लढाई पुष्कळ अंशी लढावीच लागली नसती. पालकाला इंग्रजी हवे होते. त्याला इंग्रजी माध्यम विकले गेले. विज्ञान-गणित इंग्रजीतून आणि बाकीचे मराठीतून, अशी सेमी-इंग्रजीची तडजोड जेथे चांगल्या शिक्षकांच्या हाती पडली तेथे मराठी शाळांना पालक मिळालेले आहेत.

राहिला प्रश्न आवाजाचा. शिक्षणहक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, निम्म्या सभासद स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि सरकारी शाळेचा विकास आराखडा करण्याचा व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवण्याचा तिला अधिकार आहे. विनाअनुदानित शाळेत हजारोंनी फी भरणाऱ्या पालकाला या कलमाने असा अधिकार दिलेला नाही. त्याला फक्त निघून जाता येते. पालिकेच्या शाळेतील आईला तो दिलेला आहे, आणि तिच्या शहराचे शिक्षणाचे वार्षिक अंदाजपत्रक साडेतीन हजार कोटी रुपयांच्या पुढे गेलेले आहे. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती होती. निवडून आलेले नगरसेवकच नसल्यामुळे शिक्षण समितीत या पैशाचा जाब विचारणारा कोणी नव्हता. त्या काळात ही पालकांची समिती हेच लोकांच्या हाती उरलेले एकमेव दार होते. पण बैठक ठरते दुपारी, शाळेच्या वेळेत. आईला त्यासाठी दोन घरांचे काम बुडवावे लागते आणि खाडा पगारातून कापला जातो. ती येते, वहीत सही करते आणि धावत परत जाते. ती बैठक रविवारी सकाळी घ्यावी, वस्तीत घ्यावी, आराखडा आणि खर्चाचा तक्ता तिच्या भाषेत वाचून दाखवावा, आणि पक्षाच्या कार्यकर्त्याने किंवा निवृत्त शिक्षकाने तिच्या शेजारी बसून तो समजावून द्यावा, यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची किंवा शासननिर्णयाची आवश्यकता नाही. प्रत्येक वॉर्डातील पालिका शाळांची यादी विभाग कार्यालयात मिळते.